‘अज्वलनशील’ म्हणजे नेमके काय?

ज्वलनशील आणि अज्वलनशील पदार्थांचा दोन रकान्यांचा तक्ता आपण सर्वांनीच फळ्यावर काढला आहे. लाकूड, कागद, कापड एकीकडे; दगड, वीट, लोखंड दुसरीकडे. इमारतीत आग लागताच पाणी सोडणारे स्वयंचलित फवारे, म्हणजे स्प्रिंकलर, बसवणारे अभियंतेही असाच तक्ता वापरतात.

या कामासाठी अनेक देशांत आधाराला घेतले जाणारे मानक म्हणजे अमेरिकेतील ‘एनएफपीए १३’. त्याची सुरुवात १८९६ सालची. कार्यालयासारख्या कमी धोक्याच्या जागेत अज्वलनशील छताखाली एका फवाऱ्याला जास्तीत जास्त २२५ चौरस फूट क्षेत्र देता येते. छताचे लाकडी वासे उघडे आणि तीन फुटांहून कमी अंतरावर असतील, तर हीच मर्यादा १३० चौरस फुटांवर येते. कारण उघड आहे. वाशांमधल्या खणांत उष्णता साठते, समोरासमोरची लाकडे एकमेकांना तापवतात आणि पाणी तिथे नीट पोचत नाही. येथे मानकाने पदार्थाबरोबर रचनाही विचारात घेतली, हे त्याचे श्रेय.

माझा आक्षेप ‘अज्वलनशील’ या शब्दावर आहे. प्रयोगशाळेत पदार्थाचा छोटा नमुना ७५० अंश सेल्सियसच्या भट्टीत ठेवतात. तो पेटतो का, तापमान वाढवतो का, हे पाहतात. पोलाद यात सहज उत्तीर्ण होते. पण सुमारे ५५० अंशांनाच त्याची निम्मी ताकद गेलेली असते! उलट जाड लाकडी तुळई मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर कोळसत जाते आणि आतला गाभा बराच वेळ भार पेलतो. म्हणजे हा शब्द एवढेच सांगतो, की इमारत स्वतः आगीला इंधन पुरवणार नाही. ती उभी राहील, असे तो सांगत नाही.

इंधनाबाबतही तो फसवू शकतो. १९५३ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन राज्यातील लिव्होनिया येथे जनरल मोटर्सचा प्रचंड कारखाना जळाला. सांगाडा पोलादाचा, छपराचे पत्रेही पोलादाचे. पत्र्यांवर मात्र डांबराचा थर होता. खालच्या आगीने पत्रे तापले, डांबर वितळले आणि त्याचे वायू व थेंब सांध्यांतून खाली येऊन पेटले. फवारे कारखान्याच्या थोड्याच भागात होते. पुढे अशा छपरांच्या मोठ्या आकाराच्या चाचण्या झाल्या. पत्रा, चिकटद्रव्य आणि उष्णतारोधक थर एकत्र तपासले जाऊ लागले.

हाच प्रश्न आज कार्यालयांच्या खोट्या छताआड आहे. तिथली पोकळी अज्वलनशील ठरली, तर साधारणपणे तिच्यात फवारे लागत नाहीत. आत थोड्याफार केबल असणे मानकाला चालते. पण ‘थोड्याफार’ म्हणजे किती, हे बऱ्याच अंशी तपासनिसाच्या नजरेवर राहते. केबल वर्षानुवर्षे वाढतात. नकाशावरचा ‘अज्वलनशील’ हा शिक्का मात्र बांधकामाच्या दिवशीचाच असतो.