‘डॅनिएल बून’ मालिका : वेषाचा प्रमाद आणि वाणीचा

एन. बी. सी. या अमेरिकन प्रक्षेपणसंस्थेने १९६४ ते १९७० या काळात दाखविलेल्या ‘डॅनिएल बून’ या मालिकेच्या ऐतिहासिकतेची चर्चा बहुधा टोपीपाशी सुरू होते आणि टोपीपाशीच संपते. रॅकूनच्या कातड्याची, मागे शेपूट लोंबणारी टोपी बूनला रुचत नसे. तो नमद्याची टोपी घाली. फेस पार्कर या नटाने १९५४-५५ मध्ये डिस्नेच्या निर्मितीत डेव्ही क्रॉकेटची भूमिका केली होती, आणि त्या भूमिकेची टोपी येथे बूनच्या मस्तकी आली. आक्षेप खरा आहे. पण फार स्वस्त आहे.

याहून गंभीर प्रमाद कालाचा. बूनचा पुत्र इझ्राएल मालिकेत सहाही वर्षे लहान मुलगाच राहतो. वस्तुतः १७७५ साली बून्सबरोची वसाहत स्थापन झाली तेव्हा तो सोळा वर्षांच्या घरात होता, आणि १७८२ च्या ऑगस्टमध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत पित्याच्या देखत मारला गेला. मुलाला वाढू न देणे ही निर्मात्यांची सोय असेल; त्यामुळे सीमाप्रदेशाची किंमत ज्या घटनेतून कळावी तीच अशक्य झाली.

भाषेच्या अभ्यासकाला ‘मिंगो’ हे पात्र अधिक विचारात पाडते. इंग्रज उमराव पिता आणि चेरोकी माता यांचा हा पुत्र ऑक्सफर्डमध्ये शिकलेला. गायक-नट एड एम्स याने ही भूमिका संयमाने केली आणि तुटक इंग्रजी बोलणाऱ्या ‘इंडियना’चा ठरीव साचा मोडला, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘मिंगो’ हे मुळात समूहनाम आहे. ओहायोच्या खोऱ्यात येऊन राहिलेल्या, मुख्यतः सेनेका व कयुगा, लोकांना ते इतरांनी दिले. त्यांची बोली आणि चेरोकी या एकाच इरोक्वायन कुळातल्या खऱ्या, तथापि फार दूरच्या; तेलुगू माणसाचे नाव ‘कानडी’ ठेवावे, तसा हा प्रकार.

मालिकेत सीमा ओलांडतो तो चेरोकी, आणि इंग्रजीकडे येतो. इतिहासात ती बूननेही ओलांडली, आणि तीही उलट दिशेने. १७७८ साली शॉनी लोकांच्या कैदेत तो काही महिने राहिला. ब्लॅकफिश या प्रमुखाने त्याला पुत्र मानून ‘शेल्टोवी’, म्हणजे मोठे कासव, हे नाव दिले. पळून परतल्यावर त्याच्या निष्ठेविषयीच शंका निघाली, आणि लष्करी न्यायालयापुढे उभे राहून त्याला निर्दोष सुटावे लागले.

हा दोष एकट्या दूरचित्रवाणीच्या माथी मारता येत नाही. जॉन फिल्सन या शाळामास्तराने १७८४ च्या आपल्या केंटकीविषयक पुस्तकात बूनचे वृत्त प्रथमपुरुषी निवेदनात घातले. त्यातील अलंकृत गद्य उघडच फिल्सनचे आहे. बूनच्या उपलब्ध पत्रांतील लेखन उच्चारामागून धावणारे, अनियमित आहे. मालिकेच्या विरोधात फिल्सनची साक्ष काढणाऱ्याने ती पत्रे आधी वाचलेली बरी.