बब्बा स्मिथ : दांडगा की चिवट?

‘किल, बब्बा, किल!’ मिशिगन राज्यातल्या ईस्ट लॅन्सिंग गावात, मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये, १९६५-६६च्या सुमारास हजारो लोक एका सुरात हे ओरडायचे. ज्याच्यासाठी ओरडायचे तो होता चार्ल्स ‘बब्बा’ स्मिथ. जर्सी नंबर ९५, उंची सहा फूट सात इंच, वजन सव्वाशे किलोच्या आसपास, वय वीस-एकवीस. २०११ साली ६६व्या वर्षी तो गेला. तरी आजही तिथले जुने चाहते त्याच्याबद्दल बोलायला लागले की सुरुवात बहुतेक वेळा या घोषणेनंच होते, आणि पाठोपाठ एक शब्द येतो : ‘टफ’.

चाहत्यांच्या या आठवणींकडे मला एक लेखनप्रकार म्हणून बघायचंय. समीक्षेत आपण हा प्रकार धरतच नाही. शोकलेख धरतो, व्यक्तिचित्र धरतो, पण ‘मी तिथं होतो, मी त्याला बघितलं होतं’ छापाचा मजकूर सोडून देतो. या मजकुराचेही नियम ठरलेले आहेत. आधी आपण कुठल्या रांगेत बसलो होतो ते सांगायचं. मग एक टक्कर. मग आजकालच्या पोरांवर एक शेरा. यातलं मधलं जे आहे, ती टक्कर, तिच्याबद्दल मला बोलायचंय. स्मिथच्या बाबतीत आठवणींचा सगळा भार तिच्यावर आहे, आणि तिथंच काहीतरी निसटलंय.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे अमेरिकन फुटबॉल : हेल्मेट, खांद्यावर पॅड, लांबट चेंडू. बब्बा स्मिथ बचावाच्या पहिल्या रांगेत उभा राहायचा. समोर त्याच्याच वजनाचा माणूस. चेंडू हलला की दोघं एकमेकांवर आदळणार, आणि जमलं तर त्या माणसाला बाजूला सारून हा मागच्या क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापर्यंत पोचणार. तो पोचला नाही, तरी आदळणं चुकत नाही. प्रत्येक डावाची सुरुवातच तशी होते आणि एका सामन्यात असे डाव डझनांनी होतात.

या जागेवरच्या माणसाची गोची अशी, की त्याचं यश म्हणजे काहीतरी न घडणं. धाव झाली नाही, पास गेला नाही. १९६५ साली नोटर डेमच्या तगड्या संघाला मिशिगन स्टेटविरुद्ध चेंडू घेऊन पळताना सगळ्या सामन्यात मिळून उणे १२ यार्ड मिळाले. म्हणजे जिथून निघाले त्याच्याही मागे गेले. हा आकडा भन्नाट आहे, पण तो संघाचा. स्मिथच्या एकट्याच्या नावावर काय? क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत आडवं पाडणं, ज्याला ‘सॅक’ म्हणतात, ते खेळाडूगणिक अधिकृतपणे मोजायला व्यावसायिक लीगनं, म्हणजे एनएफएलनं, १९८२मध्ये सुरुवात केली. कॉलेज फुटबॉलनं तर २००० साली. स्मिथ ज्यासाठी प्रसिद्ध होता, त्याचा अधिकृत हिशेब कॉलेजच्या वहीत नाही. त्यामुळे चाहत्यांची आठवण हीच त्याची वही. म्हणूनच ती नीट वाचायला हवी असं मला वाटतं. फलंदाजाबद्दल कुणी काहीही आठवलं तरी धावफलक पडताळायला असतो. इथं तो नाही.

आणि या वहीत सगळ्यांत ठळक अक्षरात काय लिहिलंय? १९ नोव्हेंबर १९६६. नोटर डेम देशात पहिल्या क्रमांकावर, मिशिगन स्टेट दुसऱ्या. स्टेडियममध्ये ८०,०११ माणसं. पहिल्याच क्वार्टरमध्ये स्मिथनं नोटर डेमचा क्वार्टरबॅक टेरी हॅनरॅटी याला असं पाडलं, की खांदा जायबंदी होऊन तो सामन्याबाहेर गेला. सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. शेवटी जिंकायला न जाता नोटर डेमनं वेळ काढला, यावरून आजही भांडणं होतात. पण स्मिथची आठवण निघाली की चाहते त्या टकरीवर येऊन थांबतात.

स्वतः स्मिथ मात्र तिथं थांबला नाही. सामन्यानंतर तो साधारण असं म्हणाला : हॅनरॅटीला बाहेर घालवून आमचं काही भलं झालं नाही. तो एका जागी उभा राहतो, आम्हाला तेच हवं होतं. त्याच्या जागी आलेला ओब्रायन चपळ, निसटणारा. त्यानंच आम्हाला जास्त छळलं. आणि खरंच, कोली ओब्रायन मैदानात असतानाच नोटर डेमनं १०-० अशी पिछाडी भरून काढली. म्हणजे जो क्षण चाहते त्याच्या कारकिर्दीचा कळस म्हणून जपतात, त्याला खुद्द खेळाडू डावपेच फसल्याचा क्षण म्हणतो. त्याच्या बोलण्यात फुशारकी नाही, कामाचा हिशेब आहे. मला तो इथं फार आवडतो. सुताराला त्याच्या हातोड्याच्या आवाजाबद्दल दाद द्यावी आणि त्यानं म्हणावं, खिळा वाकडा गेला हो.

आता तो शब्द, टफ. मराठीत आणायला गेलं की पंचाईत होते आणि त्या पंचाइतीतूनच मला मुद्दा सापडला. ‘दांडगा’ म्हणायचं की ‘चिवट’? दांडगा म्हणजे जो दुसऱ्याला आडवा करतो. चिवट म्हणजे ताण पडला तरी जो तुटत नाही. इंग्रजीतल्या त्या एका शब्दात दोन्ही मावतात, म्हणून इंग्रजीत ही आठवण सांगणाऱ्याला निवड करावी लागत नाही. मराठीत करावी लागते. घोषणेतला बब्बा उघडच दांडगा आहे. चिवट बब्बा शोधायचा तर स्टेडियमच्या बाहेर पडावं लागतं.

तो मूळचा टेक्सासमधल्या बोमाँटचा. वडील विली रे स्मिथ तिथल्या काळ्या मुलांच्या शाळेतले नावाजलेले फुटबॉल प्रशिक्षक. बब्बाला टेक्सास विद्यापीठाकडून खेळायचं होतं. पण १९६३च्या सुमारास तिथल्या संघाचं दार काळ्या खेळाडूंना बंद होतं. ते खऱ्या अर्थानं उघडायला १९७० उजाडलं. म्हणून हा पोरगा घरापासून दोन हजार किलोमीटरवर, बर्फाच्या मुलुखात आला. प्रशिक्षक डफी डॉहर्टी दक्षिणेतून अशी मुलं आणत होते : क्वार्टरबॅक जिमी रे नॉर्थ कॅरोलायनाचा, जॉर्ज वेबस्टर साउथ कॅरोलायनाचा, जीन वॉशिंग्टन टेक्सासचा. १९६७च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये पहिल्या आठ निवडींपैकी चार मिशिगन स्टेटच्या होत्या आणि चौघंही काळे. पहिला नंबर स्मिथचा. उलट १०-१० च्या त्या सामन्यात समोरच्या संघात काळा खेळाडू एकच होता, ॲलन पेज. तो पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला.

हे लक्षात ठेवून ती घोषणा पुन्हा ऐका. प्रेक्षक बहुतांशी गोरे. आपल्याच राज्यातल्या विद्यापीठानं रंगावरून नाकारलेल्या एका काळ्या मुलाला ते प्रेमानं, अगदी मनापासून सांगतायत : मार. त्यांच्या प्रेमावर मी शंका घेत नाही. पण काळा, अवाढव्य, धोकादायक देह ही त्या समाजातली जुनी भीती आहे. शनिवारी दुपारी ती स्टेडियममध्ये आणून तिचा आनंदोत्सव करता यायचा, कारण तो देह ‘आपल्या बाजूचा’ होता. स्मिथलाही ही घोषणा नकोशी होती असं मात्र नाही. १९८३ साली त्याचं आत्मकथन आलं, त्याचं नाव हेच तीन शब्द. त्याला बिचारा ठरवून मोकळं होणं म्हणजे त्याला दांडगा ठरवण्याइतकंच आळशीपणाचं.

आत्मकथनानंतर वर्षभरात ‘पोलिस अकॅडमी’ हा विनोदी सिनेमा आला. त्यातला हायटॉवर, म्हणजे आधी फुलं विकणारा आणि मग पोलिसात भरती झालेला राक्षसी देहाचा मृदू माणूस, तो हाच. सिनेमा सामान्य आहे, विनोद बरेचसे शिळे झालेत. पण एक प्रसंग बघण्यासारखा आहे. एक गोरा शिकाऊ पोलिस त्याच्या सहकारी काळ्या मुलीला वंशावरून घाणेरडी शिवी देतो. हायटॉवर शांतपणे येतो आणि तो पोलिस आत बसलेला असताना गाडीच उलटी करतो. ‘मार’ म्हणणाऱ्या घोषणेत नसलेली एक गोष्ट इथं आहे : कारण.

जाहिराती हा त्याचा दुसरा धंदा. मिलर लाइट बिअरच्या जाहिरातींत तो, कधी डिक बटकस या दुसऱ्या धिप्पाड खेळाडूबरोबर, स्वतःच्या आडदांडपणाची मस्त टर उडवायचा. जाहिराती तुफान चालल्या, पैसा चांगला होता. मग १९८०च्या दशकाच्या मध्यावर मिशिगन स्टेटनं त्याला होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक सोहळ्याच्या, मिरवणुकीचा मानकरी म्हणून बोलावलं. तिथं काय झालं ते त्यानं नंतर वर्तमानपत्राला सांगितलं. गाडीतून जाताना रस्त्याच्या एका बाजूची पोरं जाहिरातीतलं अर्धं वाक्य ओरडत होती, चवीला झकास. दुसऱ्या बाजूची उरलेलं अर्धं, पोटाला हलकी. स्टेडियममध्ये म्हातारी मंडळी ‘किल, बब्बा, किल’ ओरडत होती आणि विद्यार्थी बिअरची ओळ. सगळे झिंगलेले. स्मिथ स्वतः पीत नव्हता. आपण पोरांच्या पिण्याला हातभार लावतोय हे त्याला त्या दिवशी जाणवलं आणि त्यानं त्या जाहिराती सोडल्या.

स्मिथवरची सगळ्यांत धारदार समीक्षा मला या प्रसंगात दिसते, आणि ती त्यानंच केलेली आहे. वीस वर्षांच्या अंतरानं दोन पिढ्या एकाच माणसाकडे बघून दोन वेगवेगळ्या घोषणा देतायत, आणि दोन्हींत तो माणूस नाही. एकीत हत्यार आहे, दुसरीत डबा. जिवंतपणी स्वतःच्याच आठवणीत बसून फेरी मारायची वेळ फार थोड्यांवर येते. त्यानं ऐकलं, अर्थ लावला आणि पैसा सोडून दिला. चिवट हा शब्द मी वापरीन तर इथं.

आणि आणखी एका ठिकाणी, जिथं हा शब्द कमी पडतो. स्मिथच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासला. मे २०१६मध्ये निष्कर्ष जाहीर झाला : सीटीई, डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांतून जडणारा मेंदूचा आजार. त्याच्या चार टप्प्यांपैकी तिसरा. तोवर तिथं तपासलेल्या ९४ माजी एनएफएल खेळाडूंपैकी हा आजार सापडलेला तो ९०वा. (हे मेंदू बहुतेक करून त्रास दिसत होता अशा खेळाडूंचे असतात, तेव्हा हे प्रमाण सरसकट सगळ्यांना लावू नये.) या आजाराचं पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं. त्याला बेशुद्ध पाडणारे मोठे फटकेच लागतात असंही नाही. डावागणिक होणाऱ्या साध्या आदळण्याची बेरीज पुरते. ज्या टकरींची आठवण सुद्धा राहू नये इतक्या त्या नेहमीच्या असतात. चाहत्यांच्या वहीत हॅनरॅटीचा खांदा आहे. बब्बाच्या डोक्याला बसलेलं त्या वहीत कुठं लिहिणार? त्याला तारीख नाही, क्वार्टर नाही, आणि स्टेडियममधून ते दिसतही नव्हतं.

आठवण ठेवायची दुसरी तऱ्हाही आहे. जीन वॉशिंग्टनची मुलगी माया वॉशिंग्टन हिनं स्मिथच्या मृत्यूनंतर एका माहितीपटाचं काम हाती घेतलं, ‘थ्रू द बँक्स ऑफ द रेड सीडर’. वडील आणि त्यांच्याबरोबरची ही काळी मुलं दक्षिणेतून तिथवर पोचली कशी, याचा तो शोध. बब्बाच्या वडिलांनीच जीनचं नाव डॉहर्टींना सुचवलं होतं. घोषणा ऐकून हे कधीच कळणार नाही, की त्या ९५ नंबरमागं एक बाप होता, त्याची शिफारस होती, एक दोस्त होता.

विद्यापीठानं २००६मध्ये ती जर्सी निवृत्त केली. होमकमिंगला बिअरच्या ओळी ओरडणारी ती पोरं आता साठीला टेकली असतील. आता जुने चाहते म्हणजे तीच. त्यांच्यापैकी कुणी त्या दिवसाबद्दल लिहिलं, तर रांग नंबर आणि टक्कर सोडून मला एवढंच वाचायचंय, की गाडीत बसलेला तो माणूस कुणाकडे बघत होता.