झाकणावरची ओळ

नवा प्रोसेसर हातात आला की मी आधी त्याच्या झाकणावरची ओळ वाचतो. काड्यापेटीएवढा चौकोन, वर चंदेरी धातूचं झाकण, त्यावर लेझरने कोरलेली राखाडी अक्षरं: कोअर आय३-१२१००. अक्षरं इतकी बारीक की झाकण उजेडाकडे थोडं तिरपं धरावं लागतं. न्हावा शेवाच्या बंदराभोवती क्लिअरिंग एजंटांची जी छोटी छोटी ऑफिसं आहेत, त्यांच्यासाठी मशीन जुळवताना ही ओळ मी कितीतरी वेळा वाचली आहे. अजून तिचा कंटाळा आलेला नाही.

ओळ भराभर वाचणारा ‘आय३’पाशीच थांबतो आणि नाक मुरडतो. “अहो भाऊ, आमच्याकडे दहा वर्षांपूर्वीच आय५ होता, आता आय३ काय टाकताय?” हा प्रश्न मला दर महिन्याला ऐकावा लागतो. पण या ओळीचा प्राण पुढच्या आकड्यात आहे. १२ म्हणजे बारावी पिढी. त्यांचा जुना आय५ बहुधा चौथ्या पिढीतला, उदाहरणार्थ २०१४चा आय५-४४६०. त्यात चार कोअर, चार थ्रेड, सहा एमबी कॅश. हा नवा ‘धाकटा’ चार कोअरमध्ये आठ थ्रेड चालवतो, कॅश बारा एमबी, आणि गरज पडली की ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. जुना आय५ विंडोज ११च्या अधिकृत यादीतही बसत नाही, तिथे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच लागते. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा कितीतरी ऑफिसांना हे एकदमच कळलं.

कॅश हा शब्द इथे समजावायला मला कधीच अवघड गेलं नाही, कारण तो खिडकीबाहेर दिसतो. जहाज धक्क्याला लागलंय, क्रेन मोकळी आहे आणि चढवायचा डबा मात्र अजून भिवंडीच्या गोदामात आहे, तर क्रेन कितीही वेगवान असली तरी उभीच राहणार. म्हणून डबे आधी सीएफएसला, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनला येतात, तिथून बंदराच्या यार्डात, आणि यार्डातून क्रेनखाली. संगणकातही हाच प्रवास आहे: डिस्क म्हणजे गोदाम, रॅम म्हणजे सीएफएस, कॅश म्हणजे धक्क्याला लागून असलेलं यार्ड, आणि कोअर म्हणजे क्रेन. हे बंदर २६ मे १९८९ला सुरू झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंटेलने ४८६ जाहीर केला होता. सुमारे बारा लाख ट्रान्झिस्टर, आणि एक्स८६ घराण्यात पहिल्यांदाच कॅश खुद्द चिपच्या पोटात, अवघी आठ केबी. इकडे खाडीकाठी यार्ड आखलं जात होतं आणि तिकडे सिलिकॉनच्या आत यार्ड आलं, हा योगायोग मला फार आवडतो. त्या घराण्यातला पुढचा प्रोसेसर, १९९३चा पेंटियम, ज्यांच्या नावाशी जोडला गेला ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले.

आता त्या आय३मधली खरी सुंदर गोष्ट. त्याचे चार कोअर हे त्याच पिढीतल्या महागड्या आय९-१२९००केमधल्या मोठ्या कोअरच्याच घडणीचे आहेत. संख्या कमी, कमाल वेग थोडा कमी, पण जात तीच. सिलिकॉनच्या चकतीवर सहा कोअरची चिप तयार होते, तिची कसून परीक्षा होते, आणि काहींमधले दोन कोअर बंद करून ती चार कोअरची म्हणून विकली जाते. आमच्याकडे हापूसची प्रतवारी होते तसंच हे. एकाच झाडाचा आंबा आकाराप्रमाणे वेगळ्या पेटीत जातो, पण कापला की गर हापूसचाच. क्लिअरिंगच्या ऑफिसात काम काय असतं? बिल ऑफ एंट्री भरायची, इनव्हॉइस बघून एकेक कॉलम तपासायचा, कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर टाकायची, मधे दोन एक्सेल आणि पंधरा टॅब. हे एका वेळी एकाच क्रेनचं काम आहे. ती क्रेन चपळ हवी, चोवीस क्रेनची रांग नको. म्हणून या कामाला मी हाच देतो, आणि वाचलेल्या पैशांत चांगली एसएसडी, सोळा जीबी रॅम आणि दुसरा मॉनिटर. एका पडद्यावर इनव्हॉइस, दुसऱ्यावर फॉर्म. तिथे बसणाऱ्या मुलीची मान दिवसभर वरखाली व्हायची थांबते, हा फरक कुठल्याही आय९ने पडत नाही.

या ओळीच्या शेवटी अक्षर नाही, तेही वाचावं लागतं. शेवटी ‘एफ’ असता तर आतली ग्राफिक्स बंद. एकदा मुंबईच्या एका दुकानातून सहा प्रोसेसर आले, बिलावर साधे १२१००, आणि घाईत मी झाकणं न वाचताच बसवले. सहाही मशीन सुरू झाली, पंखे फिरले, पडदे काळे. दुपारभर मी रॅम काढघाल करत बसलो, केबली बदलल्या. शेवटी एकाचा पंखा उचलून पेस्ट पुसली तर आकड्यांच्या शेवटी ते एक अक्षर. ग्राफिक्स कार्ड घेणारच असाल तर एफ स्वस्तात उत्तम, नाहीतर ते अक्षर महागात पडतं.

उरण-पनवेल पट्ट्यात हळदीचे आणि लग्नाचे व्हिडिओ कापणारी पोरं रात्र रात्र जागतात. त्यांनाही एफ देऊ नये असं माझं ठाम मत आहे. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये व्हिडिओ उलगडण्या-गुंडाळण्यासाठी वेगळं यंत्र असतं आणि ते कोअरवरचा भार उचलतं. त्यांच्यासाठी मला आय५-१३५०० फार पटतो: सहा मोठे कोअर, आठ छोटे, मिळून वीस थ्रेड. मोठ्या क्रेन जहाजाला लागल्या आहेत आणि छोटी यंत्रं मागे यार्ड आवरताहेत, असं ते चित्र आहे.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला, हात आखडता असेल तर, एएमडीचा रायझेन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, आत बरी ग्राफिक्स. त्याचं एएम४ सॉकेट जुनं झालंय खरं, पण त्या सॉकेटइतकं इमान फार थोड्यांनी राखलं. २०१७ला घेतलेल्या कितीतरी बोर्डांवर नुसतं बायोस बदलून २०२२चा प्रोसेसर बसला.

तो २०२२चा प्रोसेसर म्हणजे रायझेन ७ ५८००एक्स३डी, आणि त्याच्यावर माझा जीव आहे. कॅश वाढवायला चिपवर जागा उरली नाही, तेव्हा एएमडीने कॅशवर कॅश चढवली, डब्यावर डबा रचावा तशी. ३२ एमबीवर आणखी ६४, एकूण ९६. खेळांमध्ये कोअरला पुढच्या क्षणी कुठला डबा लागेल ते सांगता येत नाही, म्हणून हे उंच यार्ड तिथे चमत्कार करतं. मात्र वरच्या थरामुळे खालची उष्णता लवकर बाहेर पडेना, त्यामुळे वेग थोडा आवरता घ्यावा लागला. मग नोव्हेंबर २०२४मध्ये ९८००एक्स३डी आला आणि त्यात थरांची अदलाबदल झाली: कॅश खाली, कोअर वर, थेट पंख्याला भिडलेले. ज्या कोणाला हे सुचलं त्याने यार्डातली रचना पाहिली नसेलही, पण तळाशी काय ठेवायचं आणि हाताशी काय, हा तोच विचार आहे.

उष्णता इथे हलक्यात घेऊन चालत नाही. खाडीवरचा खारा वारा, ट्रेलरच्या रस्त्याची धूळ, आणि बऱ्याच ऑफिसांत एसी फक्त साहेबांच्या केबिनमध्ये. १७० वॉटचा रायझेन ९ ७९५०एक्स ताणून चालवला की ९५ अंशांपर्यंत तापायलाच बनवलाय. सोळाही कोअर खरोखर राबवणाऱ्याच्या टेबलावर, थंड खोलीत, तो शोभतो. बाहेरच्या खोलीत साठ वॉटचा आय३ डब्यातल्या छोट्या पंख्यावर मजेत चालतो. वर्षातून दोनदा ब्लोअर मारला की झालं.

परवा पुन्हा चार मशीन जुळवायची होती. सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवला, खटका हलकेच दाबला. पेस्ट लावण्याआधी झाकण खिडकीकडे तिरपं केलं आणि शेवटच्या आकड्यापर्यंत वाचलं. अक्षर नव्हतं. मग मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली आणि पंखा बसवला.