प्रादेशिक स्पर्धाक्षमतेचे मोजमाप : उत्तर स्वीडन आणि रामटेक तालुका – एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
निरनिराळ्या देशांतील अतिउत्तरेकडील प्रदेशांची नवोपक्रम व आर्थिक स्पर्धाक्षमता या दृष्टीने तुलना करताना दरडोई उत्पन्न हा निकष सर्रास वापरला जातो. परंतु विरळ लोकसंख्येच्या खनिजसंपन्न प्रदेशाचे दरडोई उत्पन्न केवळ खाणीमुळेही उंचावते. ते तेथील समाजाच्या कल्पकतेचे माप ठरत नाही. सरासरीचा हाच दोष आपल्याकडे जिल्हा हा घटक मानताना उद्भवतो. नागपूर जिल्ह्यातील रामटेक तालुक्याच्या संदर्भात या दोषाची चिकित्सा येथे केली आहे.

विवेचन :
रामटेक तालुक्यातील मनसर येथील मँगनीजच्या खाणी ब्रिटिशकाळापासून प्रसिद्ध आहेत. इ. स. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘मॉइल’ या सार्वजनिक कंपनीकडे आज मनसरची खाण आहे. मात्र या कंपनीचा इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा प्रकल्प भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे, तर फेरो-मँगनीजचा प्रकल्प मध्य प्रदेशातील बालाघाट येथे आहे. म्हणजे खनिज रामटेकचे. पण त्याचे मूल्य वाढविणारी प्रक्रिया अन्यत्र होते.

उत्तर स्वीडनमधील किरुना हेही खाणीभोवती वसलेले गाव होय. तेथील लोहखनिज काढणारी एलकेएबी ही कंपनी १८९० मध्ये स्थापन झाली व आज ती शासकीय मालकीची आहे. त्याच प्रांतातील लुलिओ येथे १९७१ मध्ये तंत्रशिक्षणाची उच्च संस्था स्थापन झाली. आज ते विद्यापीठ आहे. कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून लोह तयार करण्याचा ‘हायब्रिट’ हा उपक्रम २०१६ मध्ये सुरू झाला व त्याचा पथदर्शी कारखानाही लुलिओ येथेच उभा राहिला. तथापि या प्रदेशाचे गुणगान करतानाही सावध राहिले पाहिजे. उत्तरेतीलच शेलेफ्तिओ येथे बॅटरी कारखाना उभारणारी ‘नॉर्थव्होल्ट’ मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. भांडवल व स्वस्त वीज असली, तरी यश निश्चित नसते.

रामटेक येथे ज्ञानसंस्थांचा अभाव नाही. येथे १९८५ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९७ पासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. परंतु खाण व महाविद्यालय एकाच तालुक्यात असल्याने त्यांचे नाते आपोआप जुळत नाही.

आपल्या मोजमापात हे नाते कोठेच दिसत नाही. दांडेकर समितीने १९८४ मध्ये जिल्हा हा घटक व राज्याची सरासरी हा मापदंड मानून सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. सिंचन, रस्ते, शिक्षण आदी क्षेत्रांतील तूट त्यामुळे प्रथमच आकड्यांत मांडली गेली, हे तिचे मोठे कार्य होय. परंतु नागपूर महानगराच्या सरासरीत रामटेक झाकले जाते. शिवाय अनुशेष काय कमी आहे ते सांगतो. जे आहे त्यातून काय घडू शकते, ते सांगत नाही. विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाची मुदतही एप्रिल २०२० मध्ये संपली.

निष्कर्ष :
स्पर्धाक्षमतेची तुलना तालुका पातळीवर व्हावी आणि तीत दरडोई उत्पन्नासोबत स्थानिक प्रक्रिया, स्थानिक संशोधन व स्थानिक रोजगार यांचाही विचार व्हावा. अन्यथा उत्तरेचा गौरव आणि रामटेकची उपेक्षा या दोन्ही गोष्टी एकाच सदोष मापातून निष्पन्न होतील.