मांडीवरची गिटार

‘कॉल ऑफ द व्हॅली’ आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, फक्त ऐकतोय हे बऱ्याचदा माहीत नसतं. हॉटेलच्या लॉबीत, योगाच्या व्हिडिओमागे, ‘सकाळचं शांत संगीत’ नावाच्या कुठल्यातरी प्लेलिस्टमध्ये ती वाजत असते. १९६७ साली एचएमव्हीने काढलेली ही रेकॉर्ड. वाजवणारे कोण? संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, इथवर सगळे पटकन सांगतात. तबल्यावर माणिकराव पोपटकर, हे थोडे सांगतात. उरलेल्या एका नावाशी गाडी अडते.

माझीही अडायची. कॉलेजात असल्यापासून ही रेकॉर्ड माझ्या फोनमध्ये आहे. कोडिंग करताना लावायला बरी म्हणून घेतली होती. त्यातलं तिसरं वाद्य सरोद असावं असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. ती गिटार आहे, मांडीवर आडवी ठेवून पोलादी बारने वाजवलेली, आणि वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा आहेत, हे मला नॅशव्हिलमार्गे कळलं. घरची गोष्ट अमेरिकेहून कळणं आमच्या पिढीला नवीन नाही म्हणा.

झालं असं, की मला पेडल स्टीलचं वेड लागलं. अमेरिकन कंट्री गाण्यांत मागे एक लांबलचक, पाण्यावरून घसरत गेल्यासारखा आवाज असतो, तो या वाद्याचा. पहिल्यांदा बघताना हे गिटार कमी आणि शिवणयंत्र जास्त वाटतं. पायांवर उभं केलेलं आडवं वाद्य, त्यावर दहा तारा, मागे बसलेला वादक. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी बार, जो तारांवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. उजव्या हाताच्या बोटांत सतारीच्या नखीसारखे पिक. डावा पाय पेडलवर, उजवा पाय आवाज कमीजास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलवर, आणि गुडघ्यांनी ढकलायच्या पट्ट्या निराळ्याच. चारही हातपाय कामात.

एवढा खटाटोप कशासाठी, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं समजतं. बार सरळ असतो. तो सरकवला की त्याखालच्या सगळ्या तारा सारख्याच सरकतात. म्हणजे सा-ग-प असा सुरांचा गुच्छ जुळवला असेल, तर बार कुठेही नेला तरी तोच गुच्छ, फक्त चढा किंवा उतरता. कंट्री गाण्याला तेवढं पुरत नाही, त्याला गुच्छ आतून बदलायला हवा. मग वाद्याच्या पोटात सळ्या आणि तरफा बसवल्या. सगळ्यात प्रचलित जुळणीत पहिलं पेडल दाबलं की पंचमाची तार खेचली जाऊन धैवत होते. दुसरं दाबलं की गंधाराची तार मध्यम होते. षड्जाची तार जागची हलत नाही. सा-ग-प वाजत असतानाच सा-म-ध होतं, आणि तो बदल होताना सूर तुटत नाही. एक सूर ठाम उभा, दुसरे दोन त्याच्या अंगावरून वर चढतायत. पेडल स्टीलचं रडणं म्हणतात ते हेच. १९५४ साली गाजलेल्या वेब पियर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी हे ठळकपणे ऐकवलं आणि मग बाकीचे वादकही आपापल्या वाद्यांना पेडल बसवायच्या मागे लागले.

मलाही ते हवं होतं. पण नवं वाद्य परदेशातून मागवायचं तर हिशोब लाखांत जातो. कर्ज काढून घेण्याइतका मी वेडा नव्हतो, की आई वेडा होऊ देत नव्हती, हे आता नक्की सांगता येणार नाही. शेवटी पुण्यातली जुनी गिटार निमगाव केतकीला आणली. तिच्या मानेच्या वरच्या टोकाला तारा उचलून धरणारी धातूची पट्टी बसवली, बार ऑनलाइन मागवला आणि गिटार मांडीवर आडवी घेतली. जुळणी सा-प-सा-ग-प-सा. पेडल मिळेपर्यंत ही तात्पुरती सोय, असं ठरवून बसलो.

पहिला धडा गंधाराने दिला. बार नेमका पट्टीच्या वर ठेवला, ट्यूनर ॲपमध्ये हिरवा दिवा लागला, तरी तानपुऱ्याच्या ॲपसोबत तो सूर टोचत होता. मला वाटलं तानपुऱ्याचं ॲप बिघडलंय. (इंजिनिअरला आधी दुसऱ्याचं सॉफ्टवेअर बिघडलेलं दिसतं.) बिघाड ॲपमध्ये नव्हता. गिटारच्या पट्ट्या सप्तकाचे बारा सारखे भाग पाडतात. त्या मापाने सप्तक १२०० सेंटचं आणि शुद्ध गंधार ४०० वर. पण षड्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार साधारण ३८६ वर असतो. चौदा सेंटचा फरक. डोळ्यांनी बघाल तर बार केसभर मागे. पट्टीकडे बघणं सोडून षड्जाकडे कान लावला, तेव्हा कधीतरी एकदा गंधार त्यात विरघळला, आणि गिटारचं लाकूड मांडीला थरथरलेलं जाणवलं. गंमत म्हणजे नॅशव्हिलचे वादकही गंधाराची तार ट्यूनरच्या काट्याखाली उतरवून जुळवतात. त्यांना रागदारीशी देणंघेणं नाही, त्यांना फक्त सूर टोचायला नको असतात.

आषाढात तुकोबांची पालखी आमच्या गावात मुक्कामाला असते. दिंडीतली वीणा मी लहानपणापासून बघत आलोय, आणि ती ‘वाजवतात’ असं मला कधी वाटलं नव्हतं. तिच्यावर चाल वाजत नाही, ती फक्त सूर धरून असते. गंधाराच्या भानगडीनंतरच्या वारीत मी पहिल्यांदा वीणेकऱ्याच्या शेजारून चाललो.

त्यानंतर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ पुन्हा लावली, हेडफोन घालून, फक्त गिटारसाठी. ही रेकॉर्ड एका मेंढपाळाच्या दिवसाची गोष्ट सांगते असं म्हटलं जातं. अहीर भैरव, नट भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी, असा सकाळपासून रात्रीपर्यंतचा प्रवास. मला ही गोष्ट कायमच चिकटवलेली वाटत आली आहे. मेंढपाळ काढून टाकला तर एकही सूर कमी होणार नाही. खरी गोष्ट तीन आवाजांच्या स्वभावांत आहे. संतूरचा सूर काडीचा आघात झाला की जन्मतो आणि लगेच विझायला लागतो. म्हणून संतूर लांब सूर दाखवायचा तर आघातांची झड लावतं. बासरीचा सूर श्वासाइतका जगतो. गिटारचा सूर संतूरसारखा आघाताने सुरू होतो आणि पुढे बासरीसारखा वाकत, वाहत जातो. ती या दोघांच्या मधली आहे. म्हणूनच ती वेगळी ओळखू येत नाही आणि म्हणूनच बाकीचे दोघे एका घरातले वाटतात. तिचं काम सांध्याचं आहे. सांधा नीट बसला की दिसत नाही, आणि काब्रांचं नाव विसरलं जाण्याचं निम्मं कारण मला तेच वाटतं.

उरलेलं निम्मं कारण गिटारच्या प्रतिमेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाईत जोसेफ केकुकू यांनी तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून वाजवायची पद्धत पुढे आणली. ती जगभर पसरली. १९४० च्या दशकात टाऊ मो हे हवाईयन वादक कुटुंबासह कोलकात्यात राहत होते. आपल्याकडे या वाद्याचं नावच ‘हवाईयन गिटार’ पडलं आणि ते लोकप्रिय झालं सिनेमाच्या चालींमुळे. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांच्या रेकॉर्डी घरोघरी वाजल्या. अशा वाद्यावर अली अकबर खाँसाहेबांकडे तालीम घेतलेला माणूस राग वाजवतो म्हटल्यावर तेव्हाच्या दर्दी कानांनी भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही. काब्रांनी गिब्सनची पोकळ, फुगीर अंगाची गिटार घेतली, तारा उंच केल्या, साथीच्या षड्जाची तार जोडली. हवाईयन वादनाची ओळख असलेली, प्रत्येक सुरावरची थरथर त्यांच्या वाजवण्यात जवळपास नाही. सूर लागला की तो स्थिर राहतो, आंदोलन रागाला हवं तिथेच येतं. हा संयम किती अवघड आहे ते हातात बार धरल्यावर कळतं. कारण थरथर ही लबाडीची सोय आहे, बेसूर झाकायला तिच्यासारखं पांघरूण नाही. मी दोन महिने त्याच पांघरुणाखाली होतो. शेवटी आजी म्हणाली, “आरं, कण्हतंय कशापायी ते सारखं?”

इथे मला माझ्या लाखांच्या हिशोबाचं उत्तर मिळालं. सरळ बारची अडचण नॅशव्हिलला होती तशीच काब्रांनाही होती. तिकडच्यांना सुरांचा गुच्छ सोडायचा नव्हता, म्हणून त्यांनी खाली पेडलं लावली. काब्रांना गुच्छ नकोच होता. त्यांनी एकाच तारेवर मींड घेतली आणि बाकीच्या तारा षड्ज-पंचम धरायला ठेवल्या. अडचण होती तिथेच राहिली, पण तिला अडचण म्हणायचं कारण संपलं. माझी ‘तात्पुरती सोय’ म्हणजे एक पूर्ण वाद्य होतं. पेडल स्टील मला अजून आवडते, तितकीच. फक्त तिच्यापुढे आपली गिटार म्हणजे गरिबाचं जुगाड, हे मी मनात धरलं होतं, ते चुकीचं होतं.

विश्वमोहन भट्ट यांनी पुढे गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली, आणि राय कूडर यांच्याबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४ साली ग्रॅमी मिळालं. ती रेकॉर्ड सुंदर आहे. पण तिच्यात दोन स्लाइड गिटार एकमेकींना जागा देत इतक्या नम्रपणे बोलतात, की कधीकधी एखादीने जरा भांडावं असं वाटतं. पारितोषिकामुळे आपल्याकडची स्लाइड गिटार तिथून सुरू झाली असं समजणारे बरेच भेटतात. तोवर काब्रांच्या त्या रेकॉर्डीला पाव शतक उलटून गेलं होतं.

त्या रेकॉर्डीचे निर्माते जी. एन. जोशी. ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाऊन मराठी भावगीत घरोघरी नेणारे तेच, नंतर एचएमव्हीत गेलेले. रागदारीत ज्यांच्या जागेबद्दल तेव्हा शंका घेतली जायची अशी संतूर आणि गिटार ही दोन वाद्यं बासरीच्या दोन्ही बाजूंना बसवणारा माणूस भावगीतातून आलेला असावा, याचं मला आश्चर्य वाटत नाही. तीन-साडेतीन मिनिटांत काय मावतं याचा अंदाज असलेल्या माणसालाच राग थोडक्यात सांगायची भीती वाटत नसणार. थोडक्यात सांगण्याचा तोटाही या रेकॉर्डीत आहेच. गिटार रंगात येते न येते तोच दुसऱ्या वाद्याची पाळी येते. काब्रा नीट ऐकायचे असतील तर त्यांच्या एकट्याच्या वादनाकडे जावं लागतं. तिथे आलाप सावकाश चालतो आणि प्लेलिस्टवाले तिथवर येत नाहीत.

सध्या मी भूप घेऊन बसलोय. रागात मध्यम नाही. पण बार गंधारावरून पंचमावर न्यायचा तर वाटेत मध्यम लागतोच, त्याला वळसा नाही. उचलून पलीकडे ठेवला तर मींड तुटते. सावकाश नेला तर मध्यम ऐकू येतो आणि भूप भूप राहत नाही. काब्रा गंधारावरून हलके निघतात, मध्यमावरून वेगाने जातात आणि पंचमाच्या अलीकडे पुन्हा मंद होतात. सगळं मिळून एका सेकंदाच्या आतलं काम. फोनवर अर्ध्या वेगाने लावून ऐकलं तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. रात्री पानमळ्याकडची मोटर बंद झाली की मी तेवढीच एक जागा घोटत बसतो. माझा मध्यम अजून ऐकू येतो.