‘दर्जा तोच, आकार लहान’ : एक तपासणी

मोबाइलवर काढलेल्या चित्रफितीचा आकार कमी करून देणारी अनेक ॲप आज मिळतात. ‘दर्जा तोच, आकार लहान’ असे आश्वासन त्यांतली बरीच देतात. प्रयोगांच्या चित्रफिती विद्यार्थ्यांना पाठवणाऱ्या शिक्षकांनी हे आश्वासन तपासून घ्यायला हवे.

आधी थोडे गणित करू. १९२० × १०८० बिंदूंचे चित्र, दर बिंदूला ३ बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे, असा हिशेब धरला तर एका मिनिटाला सुमारे ११ गिगाबाइट होतात. प्रत्यक्षात आयफोन तेवढेच चित्रण एच.२६४ (२००३) या पद्धतीने सुमारे १३० मेगाबाइटमध्ये, तर एचईव्हीसी (२०१३) पद्धतीने सुमारे ६० मेगाबाइटमध्ये बसवतो. म्हणजे ॲपच्या हाती येण्याआधीच फाइल ऐंशीपटींहून अधिक लहान झालेली असते!

हे कसे साधते? लागोपाठच्या चित्रांत फारसा फरक नसतो, म्हणून बहुतेक वेळा फक्त बदल नोंदवतात. आपला डोळा रंगातले बारकावे कमी टिपतो, म्हणून रंगाच्या नोंदी उजेडाच्या नोंदींच्या चौथाईच ठेवतात. मग चित्राचे छोटे चौकोन पाडून त्यांतले बारीक चढउतार ढोबळ करतात. या शेवटच्या पायरीमागचे मूळ गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली मांडले. ही युक्ती निःसंशय कौतुकास्पद आहे.

मात्र काय टाकायचे हे येथे पाहणाऱ्याच्या डोळ्यावरून ठरते, मोजणाऱ्याच्या गरजेवरून नव्हे. स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीत त्याने बिघडत नाही, प्रयोगात बिघडते. एक मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू सुमारे ०.४५ सेकंदात जमिनीवर येतो. सेकंदाला ३० चित्रे असतील तर त्याची तेरा-चौदा स्थाने मिळतात, १५ असतील तर सहा-सातच. अनुमापनाच्या शेवटी येणारी फिकट गुलाबी छटा तर फार लहान केलेल्या फाइलमधून पुसली जाऊ शकते.

या ॲपवरचा मुख्य आक्षेप असा, की पुष्कळदा ती ‘लहान, मध्यम, मोठी’ एवढेच पर्याय देतात. काय गमावले ते सांगत नाहीत. गमावलेले परत मिळत नाही आणि फाइल पुन्हा पुन्हा लहान केली की नुकसान वाढत जाते.

मग करावे काय? प्रथम सुरुवातीचा व शेवटचा अनावश्यक भाग कापावा. ‘४के’ चित्रण १०८० वर आणल्यास बिंदू चौथाई होतात. हेही पुष्कळदा चालते. गतीच्या प्रयोगात सेकंदाची चित्रे कमी करू नयेत. रंगबदलाच्या प्रयोगात ती कमी केली तरी चालतील, पण दर्जा वरचा ठेवावा. मूळ फाइल मात्र जपावी. मूळ आणि लहान केलेल्या अशा दोन्ही चित्रफितींवरून विद्यार्थ्यांना गुरुत्वत्वरण काढायला सांगा. ‘दर्जा तोच’ म्हणजे नेमके काय, ते त्यांचे त्यांनाच कळेल.