कोनशिला आणि तिचे भाष्य : अलेक्झांडर स्टीव्हन्सच्या दोन संहिता

(१)

युद्धाची कारणे शोधणे हे इतिहासकाराचे काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती चुकीची नाही. परंतु ही कारणे कोणीतरी, कोणाला तरी उद्देशून, शब्दांत मांडलेली असतात. एकाच माणसाने एकाच युद्धाची दोन भिन्न कारणे दोन भिन्न प्रसंगी सारख्याच ठामपणे मांडली असतील, तर त्यांपैकी कोणत्या संहितेच्या आधारे दुसरी वाचायची, हा अर्थनिर्णयनाचा प्रश्न होतो आणि म्हणून समीक्षेच्या कक्षेत येतो.

अमेरिकेतील १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धाच्या संदर्भात हा प्रश्न जॉर्जिया राज्यातील राजकारणी अलेक्झांडर स्टीव्हन्स (१८१२–१८८३) याच्या लेखनात ठळकपणे उभा राहतो. संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या कॉन्फेडरसीचा तो उपाध्यक्ष होता. २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथील भाषणात त्याने काळ्या लोकांची गुलामगिरी हे फुटीचे तात्कालिक कारण असल्याचे सांगितले आणि वंशांची विषमता ही नव्या राज्याची कोनशिला असल्याची घोषणा केली. पराभवानंतर १८६८ आणि १८७० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या ‘ए कॉन्स्टिट्यूशनल व्ह्यू ऑफ द लेट वॉर बिट्वीन द स्टेट्स’ या ग्रंथात मात्र हा संघर्ष राज्यांची स्वायत्तता आणि केंद्राची सत्ता या दोन तत्त्वांमधला ठरला. गुलामगिरी हे या तत्त्वांची टक्कर घडवून आणणारे निमित्त तेवढे उरले. पुढील पिढ्यांनी यांपैकी कोणती संहिता प्रमाण मानली यावर अमेरिकेच्या सार्वजनिक स्मृतीचा बराचसा इतिहास अवलंबून राहिला. सव्हानाच्या भाषणातील रूपक अलंकार म्हणून बाजूला काढता येत नाही, आणि म्हणून उत्तरकालीन ग्रंथाला त्या भाषणाचे भाष्य होण्याचा अधिकार पोहोचत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

(२)

स्टीव्हन्स हा उथळ प्रचारक नव्हता. त्याची योग्यता अब्राहम लिंकनने फार पूर्वी ओळखली होती. १८४८ मध्ये दोघेही प्रतिनिधिगृहात व्हिग पक्षाचे सभासद असताना मेक्सिकोच्या युद्धाविरुद्ध स्टीव्हन्सने केलेले भाषण ऐकून आपले डोळे पाणावल्याचे लिंकनने एका पत्रात कळवले होते. नोव्हेंबर १८६० मध्ये, लिंकन निवडून आल्यानंतर, स्टीव्हन्सने जॉर्जियाच्या विधिमंडळापुढे फुटीच्या विरोधात भाषण केले. त्या भाषणाची प्रत लिंकनने मागवली आणि त्यातून दोघांत थोडा पत्रव्यवहार झाला. २२ डिसेंबरच्या पत्रात लिंकनने मतभेदाचे मर्म एका वाक्यात सांगितले : तुम्हांला गुलामगिरी योग्य वाटते आणि तिचा विस्तार व्हावा असे वाटते, आम्हांला ती अयोग्य वाटते आणि तिला मर्यादा पडावी असे वाटते.

उत्तरादाखल स्टीव्हन्सने बायबलमधील नीतिसूत्रांतली एक प्रतिमा योजली : या घडीला तुम्ही उच्चारलेला समयोचित शब्द रुपेरी चौकटीतील सोन्याच्या सफरचंदासारखा ठरेल. लिंकनने या प्रतिमेवर एक टिपण लिहून ठेवले. ते त्या वेळी अप्रकाशित राहिले. त्यात त्याने प्रतिमेचे घटक नव्याने लावले आहेत. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील सर्वांच्या मुक्ततेचे तत्त्व म्हणजे सफरचंद. संघराज्य आणि राज्यघटना म्हणजे चौकट. चौकट सफरचंदासाठी असते, सफरचंद चौकटीसाठी नव्हे.

या टिपणाचे महत्त्व असे की, राज्यघटना ही स्वयंभू वस्तू नसून तिच्या आधी आणि तिच्या मुळाशी एक नैतिक तत्त्व असते, ही धारणा त्यात रूपकाच्या घडणीतूनच व्यक्त होते. स्टीव्हन्सने हे टिपण पाहिले नव्हते. तरीही तीन महिन्यांच्या आत त्याने सव्हाना येथे जे रूपक उभारले त्याची घडण हीच आहे. तेथेही आधी तत्त्व येते, नंतर इमारत. फरक पडतो तो तत्त्वाच्या आशयात.

(३)

हे भाषण लिहून काढलेले नव्हते. वार्ताहराने टिपलेल्या आणि वृत्तपत्रात छापलेल्या रूपातच ते आपल्यापुढे आहे. सभागृह तुडुंब भरले होते आणि बाहेरही गर्दी होती. छापील संहितेत ठिकठिकाणी टाळ्यांची नोंद आहे. म्हणजे ही संहिता वक्ता आणि श्रोते अशा दोघांची मिळून आहे. तोपर्यंत सात राज्ये फुटून निघाली होती. सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या त्या १२ एप्रिलला. या भाषणाने युद्ध ओढवले असे म्हणणे त्यामुळे अतिशयोक्त ठरेल. घडून गेलेल्या कृतीला अर्थ देणे, तिला सिद्धान्ताचे रूप देणे आणि अजून काठावर असलेल्या राज्यांना तो सिद्धान्त पटवणे, हे या भाषणाचे कार्य आहे.

आरंभी वक्ता नव्या घटनेतील सुधारणा मोजतो : जकातीविषयीची तरतूद, अध्यक्षाची सहा वर्षांची मुदत, मंत्र्यांना सभागृहात बोलण्याची मुभा. मग शेवटची पण कमी महत्त्वाची नव्हे अशी सुधारणा म्हणून तो गुलामगिरीकडे वळतो, आणि भाषणाची पातळी बदलते. जेफरसन आणि त्याच्या पिढीतील बहुतेकांना गुलामगिरी तत्त्वतः चूक वाटत होती, हे तो आडपडदा न ठेवता मान्य करतो. त्यांची चूक नेमकी हीच, असे त्याचे म्हणणे. त्यांनी वंशांची समानता गृहीत धरली. तो वाळूचा पाया होता, वादळ आले आणि घर कोसळले. येथे येशूच्या दृष्टान्तातील दोन घरे श्रोत्यांना आठवावीत अशी योजना आहे. आपले राज्य याच्या नेमक्या उलट कल्पनेवर उभे आहे, जगाच्या इतिहासात असे प्रथमच घडत आहे, असे तो सांगतो. गॅलिलिओ, अ‍ॅडम स्मिथ आणि हार्वे यांची नवी सत्येही जगाने लगेच स्वीकारली नव्हती, हा दाखला येतो. शेवटी स्तोत्रसंहितेतील प्रतिमा : पहिल्या बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगडच कोपऱ्याचा मुख्य दगड झाला आहे.

ख्रिस्ती परंपरेत हा नाकारलेला दगड म्हणजे स्वतः ख्रिस्त. स्टीव्हन्स त्या जागी काय बसवतो हे लक्षात घेतले की या रूपकाचे धाडस कळते. समाजाने झिडकारलेल्याला गौरव मिळवून देणारी प्रतिमा येथे समाजातील सर्वांत पिळलेल्या माणसांना कायम पायाखाली ठेवण्यासाठी राबवली आहे. १८६० च्या शिरगणतीनुसार या माणसांची संख्या सुमारे साडेएकोणचाळीस लाख होती. बांधकामाच्या रूपकात त्यांना माणूस म्हणून जागाच उरत नाही. ती माणसे बांधकामाचे साहित्य होतात.

(४)

युद्धानंतर बोस्टनजवळच्या फोर्ट वॉरन येथे कैदेत असताना आणि पुढेही स्टीव्हन्सने या भाषणाचा खुलासा केला. वार्ताहराची टिपणे सदोष होती. आणि कोनशिलेचे रूपक आपले नव्हे, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बाल्डविन यांच्या एका निवाड्यातून आपण ते घेतले होते, असा त्याचा बचाव. म्हणजे रूपक उसने आणि प्रासंगिक, तात्पर्य अन्यत्र.

तात्पर्य कोठे आहे हे ठरवण्याची एक पद्धत आपल्या परंपरेत आहे. उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही मीमांसकांची तात्पर्यनिर्णयाची गमके टिळकांच्या ‘गीतारहस्या’मुळे मराठी वाचकाला परिचित आहेत. वक्त्याच्या मनात शिरण्याचा दावा न करता संहितेतूनच निर्णय करणे, ही त्यांची शिस्त. स्टीव्हन्सचा खुलासा मीमांसेच्या भाषेत मांडायचा तर कोनशिलेचे विधान हा केवळ अर्थवाद आहे, विधिवाक्य नव्हे.

उपक्रम आणि उपसंहार पाहिले तर या खुलाशाला थोडा आधार मिळतो, हे मान्य केले पाहिजे. भाषणाचा आरंभ घटनात्मक सुधारणांनी होतो आणि अखेरचा भाग नव्या राज्याच्या भवितव्याविषयी आहे. पण इतर गमके एका दिशेने बोट दाखवतात. अभ्यास पाहावा तर पाया, वाळू, वादळ, शिल्पकार, ग्रॅनाइट, कोपऱ्याचा दगड अशी एकाच क्षेत्रातील प्रतिमांची मालिका सलग चालते. उपपत्ती पाहावी तर विज्ञानाच्या इतिहासातील तीन दाखले याच एका मुद्द्यासाठी खर्च होतात. फल पाहावे तर घटनेने गुलामांवरील मालकी हक्काला बाध आणणारा कायदाच निषिद्ध केला होता. आणि अपूर्वता तर वक्त्याने स्वतःच सांगितली आहे. जकात किंवा अध्यक्षाची मुदत यांविषयी तो अशी भाषा वापरत नाही. ज्या विधानासाठी वक्ता अपूर्वतेचा दावा करतो ते विधान दुसऱ्याचे उसने होते, हा खुलासा विधानाच्या स्वरूपाशीच विसंगत आहे.

वार्ताहराच्या चुकीचा मुद्दाही टिकत नाही. पुढच्याच महिन्यात रिचमंड येथे व्हर्जिनियाच्या अधिवेशनापुढे बोलताना स्टीव्हन्सने वांशिक विषमतेच्या तत्त्वाची हीच मांडणी केली. हे रूपक पूर्वीपासून प्रचारात होते हे मात्र खरे. दक्षिण कॅरोलायनाचा गव्हर्नर मॅकडफी याने १८३५ मध्ये गुलामगिरीला प्रजासत्ताकाची कोनशिला म्हटले होते, आणि १८३७ मध्ये कॅल्हूनने सिनेटमध्ये तिला निखळ हित ठरवले होते. परंतु पाव शतकाहून अधिक काळ एका प्रदेशाच्या वक्तृत्वात घोळत राहिलेले रूपक प्रासंगिक कसे म्हणावे? उसनेपणाच्या बचावातून उलट त्याची मुळे किती खोल होती हेच सिद्ध होते.

मराठीत कोनशिला हा शब्द आता मुख्यतः समारंभाशी जोडलेला आहे. पाहुण्यांची नावे कोरून भिंतीत बसवलेली ती फरशी काढून टाकली तरी इमारत पडत नाही. सव्हानाच्या भाषणातील दगड भार वाहणारा आहे. उत्तरकालीन स्टीव्हन्सने त्याची समारंभातली फरशी केली, असे त्याच्या खुलाशाचे वर्णन करता येईल.

(५)

तरीही उत्तरकालीन ग्रंथ निव्वळ दांभिक म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. राज्यांच्या अधिकारांविषयीची स्टीव्हन्सची निष्ठा खरी होती. युद्धकाळात सक्तीची सैन्यभरती आणि देहोपस्थितीच्या हक्काची स्थगिती या प्रश्नांवर त्याने आपल्याच अध्यक्षाला, जेफरसन डेव्हिसला, विरोध केला. शिवाय उत्तरेकडील सर्व सैनिक गुलामांच्या मुक्तीसाठी लढले असेही नाही. गुलामगिरी जेथे आहे तेथे तिला हात लावणार नाही, असे आश्वासन लिंकनने मार्च १८६१ मध्ये अध्यक्षपद स्वीकारताना दिले होते. प्रश्न निष्ठेचा नसून निष्ठेच्या विषयाचा आहे. फुटीनंतर दक्षिण कॅरोलायनाने डिसेंबर १८६० मध्ये काढलेल्या जाहीरनाम्याची मुख्य तक्रार अशी की, उत्तरेकडील राज्ये पळून आलेले गुलाम परत करत नाहीत आणि त्यासाठी स्वतःचे कायदे करतात. राज्यांची स्वायत्तता येथे गाऱ्हाण्याचा विषय आहे, ध्येयाचा नव्हे.

ग्रंथाने निवडलेला वाङ्मयप्रकारही अर्थपूर्ण आहे. तो संवादरूप आहे. लेखकाच्या घरी, ‘लिबर्टी हॉल’मध्ये, उत्तरेकडील काही कल्पित गृहस्थ येतात आणि यजमानाशी सभ्यपणे वाद घालतात. सव्हानाच्या सभेत टाळ्या होत्या. येथे दाखले आणि प्रतिदाखले आहेत. सभेला पाया सांगावा लागतो, दिवाणखान्याला कार्यपद्धती पुरते. तत्त्व बाजूला पडून चौकट तेवढी चर्चेला उरते, म्हणजे लिंकनच्या टिपणातील सफरचंद नाहीसे होते. या संवादात भाग घेणाऱ्यांमध्ये गुलामगिरीतून मुक्त झालेला एकही माणूस नाही.

ग्रंथाच्या नावातील ‘राज्यांमधील युद्ध’ ही संज्ञाही याच कामी येते : युद्ध राज्यांत झाले, माणसांच्या प्रश्नावर नव्हे. आपली ‘यादवी’ ही संज्ञाही या दृष्टीने निर्दोष नाही. प्रभासक्षेत्री यादव आपसांत लढून मेले ते ऋषींच्या शापामुळे. तेथे कारण नियतीकडे जाते आणि उरते ते भावाभावांचे दुःख. अमेरिकेच्या युद्धाला आपण यादवी म्हणतो तेव्हा सहा लाखांहून अधिक मृतांचा शोक त्यात मावतो, पण ज्याच्यामुळे भाऊ भांडले तो तिसरा माणूस त्यात दिसत नाही. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामगिरीतून निसटलेला वक्ता १८७८ मध्ये म्हणाला की, या युद्धात एक बाजू न्याय्य होती आणि एक अन्याय्य, हे विसरता येणार नाही. त्याचा रोख या समदुःखी भाषेवरच होता.

स्टीव्हन्सचा दुसरा खंड निघाल्यानंतर तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. काळ्या लोकांच्या दास्यमुक्तीच्या कार्यात अमेरिकेतील सज्जनांनी दाखवलेल्या निरपेक्ष आत्मत्यागाबद्दल आदर म्हणून ते त्यांना अर्पण केले आहे. या अर्पणपत्रिकेत उत्तरेचे काहीसे आदर्शीकरण आहे, हे खरे. पण युद्धाच्या मुळाविषयीचे तिचे वाचन सव्हानाच्या भाषणाशी जुळते, ‘लिबर्टी हॉल’मधील चर्चेशी नाही. दोन्ही ग्रंथ संवादरूप आहेत. त्यांत प्रभावाचे नाते शोधण्याचे कारण नाही. रूपाची तुलना मात्र बोधक आहे. एका संवादात मालक आणि त्याचे पाहुणे बोलतात. दुसऱ्यात जोतीराव आणि धोंडिबा बोलतात, आणि ज्यांना पायाचा दगड केले गेले त्यांच्या बाजूने सगळी इमारत तपासली जाते. युद्धाच्या मुळांविषयी कोणाचे भाष्य प्रमाण मानावे, हे ठरवताना त्या भाष्यात कोणाला बोलू दिले आहे हे पाहणे, हेही तात्पर्यनिर्णयाचे एक गमक मानावयास हरकत नसावी.